मार्जरीचं गप्प वर्ष

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्लास्टर अजून तीन आठवडे! डॉक्टरांनी सांगितलं बाईंना, आणि बाई बघतायत माझ्याकडे — जणू मनगट मीच मोडलंय. म्हणजे महिनाअखेरपर्यंत डोकं त्यांचं, बोटं माझी.

मुळात मी टायपिंगसाठी आलेच नव्हते. गणपतीत मराठी मंडळात मोदक खायला गेले, तर रांगेत पुढे महानंदा बाई. "नाव काय? आसावरी? काय करतीस?" म्हटलं, सध्या काही नाही. "मग उद्या जयनगरला घरी ये की." गेले. कामाला नाही म्हणायचं तर आधी कारण शोधावं लागतं, तेवढा उत्साह नव्हता. साताऱ्यात बी.कॉम. दुसऱ्या वर्षी सोडलं, गोकर्णात हॉस्टेलच्या काउंटरवर आठ महिने, पाँडिचेरीत मेणबत्त्या ओतायचं काम — तशीच ही एक जागा. फरक इतकाच की इथे पाच महिने झाले. माझ्या मानाने पुष्कळ.

बाई इंग्रजीच्या प्राध्यापक. आजचं इंग्रजी नाही — चारशे वर्षांपूर्वीचं. मार्चअखेर रिटायर होणार. मूळच्या निपाणीच्या, त्यामुळे इंग्रजी साहेबासारखं आणि मराठी अगदी तिकडचं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दिवसभर मार्जरी.

ही मार्जरी म्हणजे इंग्लंडातल्या एका खेड्यातली शेतकरीण. बऱ्यापैकी घरची, लिहिता येणारी. धाकट्या बहिणीला पत्रं लिहायची. तिथल्या एका ग्रंथालयाने त्या पत्रांचे फोटो बाईंना पाठवलेत, सोबत यादी. सप्टेंबरात मला पहिलं काम हेच होतं — यादीवरून तारखांची शीट करायची आणि फोटो ओळीने लावायचे. अक्षर भयानक. मोडीसारखं, एकात एक अडकलेलं. आता मला बरंच लागतं. अर्थ लागत नाही, पण अक्षर लागतं. बाई म्हणतात, "तेच बरं. अर्थ लागणारी पोरं मधलं गाळून पुढं पळतात."

मार्जरीची मुलगी सात वर्षांची असताना वारली. हे गेल्याच महिन्यात कळलं. चर्चच्या दफनवहीतलं एक पान मेलवर आलं — २० डिसेंबर १६४०. बाईंनी विचारलं, "त्यानंतरचं पहिलं पत्र कधीचं? हुडक." मी शीट बघितली. ११ जानेवारी १६४२. बाईंनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "वर्षभर. एक वर्ष आणि बावीस दिवस तिनं पेन धरला नाही गं."

तेव्हापासून पुस्तकाचं शेवटचं प्रकरण बदललं. आता सगळं त्या गप्प वर्षाभोवती.

७ फेब्रुवारी

झोपले. बाकी काही नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंबरोबर कॉलेजात. हात गळ्यात अडकवलेला, म्हणून पडद्यावरचे फोटो मी सरकवायचे. एम.ए.चा वर्ग, चौदा जण. मी मागे बसून खिडकीतल्या घारी बघणार होते, पण ऐकत राहिले.

बाईंनी मार्जरीचं एक पत्र लावलं आणि म्हणाल्या, वाचा. कुणाला येईना. एक मुलगी म्हणाली, मॅम, हे परीक्षेला आहे का? बाई म्हणाल्या, नाही. चौदाच्या चौदा चेहरे सैल पडले! मग त्यांनी त्या वर्षाचं सांगितलं. मूल गेल्यावर वर्षभर एक ओळ नाही, आणि वर्षानंतर पहिलं पत्र कशाबद्दल, तर चीजबद्दल. चीज नीट जमलं नाही, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार मोडलं. "आपण विचारतो, तिनं काय लिहिलं. कधी हेही विचारा, की ती किती थांबली."

मघाची परीक्षावाली वहीत काहीतरी लिहीत होती.

येताना शार्दूल बरोबर. हा बाईंचा पीएच.डी.चा विद्यार्थी, पुण्याचा. "यू नो, दॅट चॅप्टर इज गोइंग टू बी ह्यूज. आणि ते पकडलं कुणी? तर बी.कॉम. ड्रॉपआउटने!" म्हटलं, मी शीट बघितली, बस्स. "मॉडेस्ट पण आहेस. वा."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

येलहंकाला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जायचं काही कारण नव्हतं. बसवर पाटी दिसली, चढले. तिथे डोक्यावरून लष्करी विमान गेलं, इतक्या खालून की टपरीवरचे ग्लास वाजले. टपरीवाला वरही न बघता कानडीत म्हणाला, "स्वल्प हाल?" चहात थोडं दूध जास्त हवं का, एवढंच. बरं वाटलं त्या माणसाबद्दल.

बाईंचे चार मिस्ड कॉल.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

"कुठं गेलतीस?" — येलहंका. "काय होतं तिथं?" — काही नाही. "मग जाऊन आलीस ते बरं झालं. बस. लिही."

सहा पानं सांगितली. त्या येरझाऱ्या घालत मराठीत विचार करतात, मग थांबून इंग्रजीत वाक्य. मराठीत — "म्हणजे बघ, दुःखाला तिनं त्याचा वेळ दिला. चूल, गोठा, नवरा, सगळं बाजूला सारून. आपल्यातल्या कुणाला जमतं हे?" इंग्रजीत तेच फार गुळगुळीत झालं. मराठीतलं चांगलं होतं. इंग्रजीतलं टाइप केलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

प्लास्टर निघालं. हात बारीक झालाय. बाईंनी सही करून बघितली, दुसऱ्याच कुणाची तरी वाटली.

मला वाटलं, आता निघायचं. पण निरोपाचं व्याख्यान आहे — २५ मार्च, कॉलेजचा हॉल. तारीख बाईंनीच मागून घेतली. मार्जरीच्या काळी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं. हे मला त्यांनी सप्टेंबरातच शिकवलं होतं — "आपलं नाही काय, पाडव्याला बदलतं? तसंच. जानेवारी आला तरी त्यांचं जुनंच वर्ष चालू. म्हणून जानेवारी ते मार्चच्या पत्रावर १६४० असेल, तर आपल्या हिशेबानं १६४१ धरायचं." लगेच कळलं होतं. घरात दोन कॅलेंडरं लटकलेली बघत वाढलेल्याला अवघड काय त्यात!

व्याख्यानाचे स्लाइड करून देते आणि जाते. गोकर्ण किंवा आणखी कुठे.

९ मार्च, सोमवार

लिहायला नको वाटतंय. लिहून टाकते.

स्लाइडसाठी ते चीजचं पत्र पडद्याएवढं मोठं केलं. खालच्या कोपऱ्यात मार्जरीने स्वतः तारीख घातलीय — ११ जानेवारी १६४०. म्हणजे आपलं १६४१. एकच मिळवायचा. माझ्या शीटमध्ये १६४२.

ग्रंथालयाची मूळ यादी काढली. अगदी तळाला बारीक अक्षरात एक ओळ आहे — या यादीतली सगळी वर्षं जानेवारीपासून मोजलेली आहेत. त्यांनी एक आधीच मिळवलेला होता. सप्टेंबरात बाईंनी नियम शिकवला त्याच दुपारी मी बसून, फार हुशार असल्यासारखी, जानेवारी ते मार्चच्या सगळ्या रकान्यांत आणखी एक मिळवला. न विचारता. मला आठवतंय, मी शीळ घालत होते.

मुलगी पुरल्यावर बावीस दिवसांनी मार्जरीने चीजबद्दल लिहिलंय. गप्प वर्ष नाहीच. ते मी केलंय.

१० मार्च

गेले नाही. पोट बिघडलंय असा मेसेज केला.

११ मार्च, बुधवार

आज गेले. बोलले नाही. बाई शेवटचं प्रकरण प्रकाशकाला धाडायच्या तयारीत. "व्याख्यान झालं की दुसऱ्या दिवशी पाठवून सोडू." त्यांनी मला स्वतःच्या हाताने पोहे करून दिले. दुखऱ्या मनगटाने.

एकतीस वर्षं शिकवल्यावरचं पहिलं पुस्तक. आधी का नाही, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "सांगण्यासारखं काही सापडलं नव्हतं."

१२ मार्च, गुरुवार

यशवंतपूरहून कारवारच्या गाडीचं शनिवारचं तिकीट काढलं. वेटिंग. स्लाइड मेल करायचे, मेसेज करायचा, संपलं. शीटबद्दल कुणाला कधी कळणार? एखाद्या इंग्लंडवाल्याने यादी नीट बघितली तरच. म्हणजे पुस्तक छापून झाल्यावर, सगळ्यांसमोर, बाईंना.

१४ मार्च, शनिवार

वेटिंगवरच राहिलं तिकीट. उगाच काही मोठं लिहायला नको — कन्फर्म झालं असतं तर गेले असते.

सॅक पाठीला होतीच. तशीच जयनगरला गेले. दारातच सांगितलं, चप्पल न काढता. दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा फार भराभर बोलले.

बाई म्हणाल्या, "आत ये." मग, "ती यादी काढ." तळाची ओळ मला मोठ्याने वाचायला लावली. मग मार्जरीचा कोपरा. स्वतः चष्मा काढून, नाक पडद्याला लावून बघितला.

"पहिल्या तासाला शिकवते मी हे," त्या म्हणाल्या. "दर वर्षी. पहिल्या तासाला."

म्हटलं, चूक माझी. "तुझी आहेच. गप बस." मग खुर्ची ओढून घेत, "वाच. त्या डिसेंबरानंतरची सगळी. ओळीनं."

अकरा पत्रं आहेत. वाचली. चीज. खुराडं. शेजारणीने परत न केलेली चाळण. फेब्रुवारीत एक गाय व्याली. पोरीचं नाव कुठेही नाही. मार्चचं शेवटचं — रस्ता सुकला की लगेच निघून ये, अंथरूण तुझं तू आण, इथे पुरेसं नाही. त्यानंतर पत्र नाही, कारण बहीण आलीच. आम्ही इतके आठवडे समजत होतो की सव्वा वर्षाने आली. तीन महिन्यांत बोलावून घेतली होती तिने.

बाई खिडकीजवळ उभ्या होत्या. "सॅक का आणलीस?" म्हटलं, जाणार होते. "आता?" म्हटलं, तुम्ही सांगाल तसं. "मी कशाला सांगू? तुझी तू ठरीव." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

पाण्याचा ग्लास धुऊन ठेवला आणि खोलीवर आले.

१६ मार्च, सोमवार

बोलावलं नाही. फोन केला, उचलला नाही.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. इथला युगादी. सकाळी बाईंचा फोन — "येतीस काय?" एवढंच.

हातावर कडुलिंब-गूळ ठेवला. शार्दूल आधीच येऊन बसलेला, त्याला सगळं सांगितलेलं दिसलं. बाई आत गेल्यावर तो माझ्याकडे वळला. "डू यू इव्हन रिअलाइज? दिस वॉज हर बुक! आणि तुला सांगायलाच हवं होतं? व्याख्यानाच्या अकरा दिवस आधी?" म्हटलं, मग कधी? "नेव्हर, यार! कुणी चेक करतं का असल्या गोष्टी?"

बाई आतून, "शार्दूल, तुझ्या थिसिसच्या तारखा कुणी लावल्या रे?"

तो गोरामोरा झाला. त्याच्याही मीच लावल्यात!

दुपारी दोघांनी बसून साठ-सत्तर रकाने तपासले. शार्दूल वाचत होता, मी दुरुस्त करत होते. तो माझ्याशी बोलत नव्हता, फक्त आकडे. बाईंनी पुरणपोळ्या समोर आणून ठेवल्या — इथे त्यांना होळिगे म्हणतात — आणि म्हणाल्या, "भांडून झालं असेल तर खावा."

व्याख्यानाचं काय, कुणीच विचारलं नाही.

२५ मार्च, बुधवार

हॉल भरलेला. मी पडद्याशेजारी, लॅपटॉप घेऊन.

बाईंनी आधी गप्प वर्षाचं सगळं सांगितलं, जसंच्या तसं. लोक हलेनात. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी पदर डोळ्यांना लावला. मग बाई म्हणाल्या, "हे मी सहा आठवडे खरं मानलं. हे चूक आहे." मला खूण केली. मी कोपऱ्यातली तारीख मोठी केली. त्यांनी फळ्यावर खडूने, अजून ताठ असलेल्या हाताने, वर्षं मांडून दाखवली.

मला वाटलं, आता माझं नाव. म्हणाल्या, "शीट माझ्या सहायिकेनं केली, आणि चूकही तिनंच येऊन सांगितली. पण तपासायची होती मी. दोन मिनिटांचं काम होतं. मी केलं नाही, कारण मला ते वर्ष हवं होतं."

मग सगळी अकरा पत्रं थोडक्यात. हॉलमध्ये कुठेतरी खुर्ची कुरकुरली.

शेवटी त्याच परीक्षावाल्या मुलीने हात वर केला. "मॅम, म्हणजे तिला काही वाटलंच नाही?"

"वाटलं नाही असं कुठं लिहिलंय? चीज बिघडलं, असं लिहिलंय."

टाळ्या बेताच्याच. शार्दूल म्हणाला, "द फर्स्ट व्हर्जन वॉज बेटर." खरं आहे.

२६ मार्च

प्रकरण पाठवलं नाही. बाईंनी प्रकाशकाकडून सहा महिने मागून घेतले. राहतेस का, ते मला विचारलं नाही. दहाला गेले, पहिल्या पत्रापासून सुरुवात केली.

३० मार्च, सोमवार

आज चहा गाळता गाळता, पाठ माझ्याकडे करून, बाईंनी सांगितलं. पुरुषोत्तम सर — त्यांचे यजमान — वारले त्या दिवशी माणसं पांगल्यावर त्यांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला आणि एकतीस पेपर तपासले. लाल पेनने, बेरजेसकट. नणंदेने दारातून बघितलं. त्याला अकरा वर्षं झाली, सासरचं कुणी बोलत नाही — हिला काही वाटलंच नाही, म्हणतात. "मलाही त्यांचंच खरं वाटत आलं गं. वाटलं, ही मार्जरी तरी नीट रडली असंल."

कप माझ्यासमोर ठेवला. "तीसुद्धा चीजच करत बसली बघ."