दारावरचा माणूस

ता. ४ ऑगस्ट

चि. बारक्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही इकडे खुशाल आहोत, तू तिकडे वेळेवर जेवतोस असं धरून चालते. फोनवर आपलं बोलणं ‘काय चाललंय’ आणि ‘काही नाही’ एवढ्यावर आटोपतं, म्हणून हे पत्र. शिवाय घरात फोन एकच, तोही तुझ्या भाऊजींच्या खिशात. तू नवा घेतलास तेव्हा त्यांना दिलेला तो जुना. काचेला तडा गेलाय, चार्जिंग टिकत नाही, पण ह्यांचा त्याच्यावर भारी जीव.

कोल्ड स्टोरेजचं काम नेहमीसारखंच. हे आतल्या गोठवणाऱ्या खोलीत जातात, पंख्यांवर साचलेला बर्फ काढतात, मटाराच्या पोत्यांच्या थप्प्या बघतात. मी दाराबाहेर स्टुलावर. आत माणूस असेपर्यंत दारावरच्या माणसाने जागचं हलायचं नाही, हा इथला पहिल्यापासूनचा नियम. मधूनमधून मी दार ठोकते, आतून हे ठोकतात. नवरा-बायकोचं इतकं नियमित बोलणं दुसऱ्या कुठल्या घरात होत असेल? बसून बसून माझ्या कंबरेचा मात्र भुगा झालाय.

आता मुद्द्याचं. मुकादमाच्या नव्या फोनमध्ये ‘पाठराखण’ म्हणून काहीतरी आलंय. माणूस बराच वेळ हलला नाही तर फोन आपणहून ठरलेल्या नंबरावर फोन लावतो आणि सांगतो की इथे कुणीतरी अडचणीत आहे. ह्यांनी आपल्या फोनात शोधलं, तर ‘तुमच्या फोनवर ही सोय नाही’. दिवसभर हिरमुसून बसले. ही तुझीच कंपनी ना रे? मग जुन्या फोनवाल्यांनी तुमचं काय घोडं मारलंय? मुकादम खुर्चीतून मुळात हलतच नाही, त्याला पाठराखण. आणि जो बर्फात जातो त्याला ठेंगा.

कळावे. लोभ आहे म्हणतोस, तर पत्र लिहून तो दाखव.

तुझी
ताई


ता. १७ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून आधी हसलो आणि मग चिडलो, कारण तू म्हणतेस ते खरं आहे. नवी सोय किती जुन्या फोनपर्यंत न्यायची, हे आमचीच टीम ठरवते. परवा मीटिंगमध्ये मी विषय काढला. मॅनेजर म्हणाले, जुन्यांना सगळं देत बसलो तर नवे फोन घेणार कोण? मी म्हटलं, जिवावरची कामं करणाऱ्यांच्याच हातात जुने फोन असतात. ही सोय त्यांना नाही तर कुणाला? मग तुझं मुकादमाचं वाक्य ढापलं. टाळ्या पडल्या.

फक्त टेस्टिंगच्या बाई अडून बसल्या. मोठ्या आहेत वयाने, चष्मा कपाळावर ठेवून टेबलावर शोधणाऱ्या. त्यांचं म्हणणं, जुन्या बॅटरीचा भरवसा नाही, ती टेबलावर एक वागते आणि माणसाच्या खिशात दुसरंच. त्या म्हणाल्या, “राखण नसली की माणूस स्वतः जागा राहतो. अर्धी राखण दिलीत तर तो झोपेल.” मी म्हटलं, बाई, तुमच्या हिशेबाने दिवाच लावायला नको, कारण तो विझू शकतो. पुन्हा टाळ्या.

मग आम्ही ऑफिसातल्या सगळ्यांच्या घरचे जुने फोन गोळा करून टेबलावर मांडले आणि दूर बसून चहा घेत पाहिलं. एकामागून एक सगळ्यांनी वेळेवर फोन लावले. एकही चुकला नाही. त्यामुळे लवकरच पाठराखण भाऊजींच्या फोनवर येईल. त्यांना सांग, हिरवी खूण दिसली की सोय चालू. तुझ्या कंबरेसाठी मी मॅनेजरशी भांडलोय, हे विसरू नकोस.

कळावे. लोभात काटकसर नको.

तुझा
बारक्या


ता. ९ ऑक्टोबर

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. पाठराखण आली. हे हिरवी खूण घेऊन सगळीकडे मिरवले, ‘माझ्या मेहुण्याने केलंय’ म्हणत. नंबर घातलाय पॅकिंगच्या शेडमधला. फोन बाकावर ठेवून सगळे लांब उभे राहिले, आणि थोड्या वेळाने शेडमधला फोन खणखणला. बायांनी चक्क टाळ्या वाजवल्या. तुझं नाव निघालं तेव्हा मला भरून आलं रे.

मालक तर फारच खूश. त्यांनी लगोलग माझं स्टूल उचललं. बाई उगाच बसून असतात, म्हणाले, त्यांना पॅकिंगला घ्या. आता मी शेडमध्ये, चार बायांत, कंबर सुखात. दारावर कुणी नाही. मी ह्यांना म्हटलं, मी नसले तरी सवयीने ठोकत जा. तर म्हणाले, कुणासाठी ठोकू? ते ऐकून मी उगाचच शेडमधून दोनदा दाराकडे बघून आले. माझं हे असंच, तू हसशील.

फोनची एक गंमत सांगते. त्याला थंडी सोसत नाही. आत गेला की कधी कधी निम्मं चार्जिंग असतानाच मान टाकतो. बाहेर आणून उन्हात धरायचा, बटण दाबायचं, की पुन्हा शहाण्यासारखा सुरू, चार्जिंगही तेवढंच. मी विचारलं, मग तो बंद असतो तेव्हा राखण कोण करतं? मुकादम म्हणाला, ती सोय फोनात नसते, कंपनीत असते, फोन बंद असला तरी तिकडून लक्ष असतं. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, तू तिकडे बसलेला आहेस म्हणून. बरोबर ना रे?

ह्यांची पाठ धरलीय आणि ऐकत तर नाहीत. म्हटलं, अगदीच अडलं तर आत मी जाईन, इतकी वर्षं दारावर बसून मला सगळं पाठ झालंय. तर माझ्याकडे बघून हसले.

कळावे. लोभ ठेव, आणि या प्रश्नाचं उत्तर आधी पाठव.

तुझी
ताई


ता. १६ ऑक्टोबर

ती. ताईस,

नमस्कार. कुशल नंतर विचारतो. हे पत्र हातात पडल्यापासून भाऊजींना एकट्याला आत जाऊ देऊ नकोस.

मुकादम म्हणतो ते साफ चूक आहे. राखण फोनातच असते. फोन बंद पडला की ती संपली. इथे कुणीही लक्ष ठेवून नसतं, ताई. मीसुद्धा नाही. तुझं पत्र वाचलं आणि ऑफिसच्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात, एक जुना फोन ठेवला. निम्मं चार्जिंग होतं. काढला तेव्हा बंद होता आणि त्याने कुणालाही फोन लावला नव्हता. आम्ही तपासणी केली ती उबदार खोलीत, चहा पीत. बर्फात न्यायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही, आणि मी तर तुझा भाऊ.

तसाच बाईंकडे गेलो. ‘मी म्हटलं होतं’ असं त्या म्हणाल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. जी सोय द्यावी म्हणून भांडलो, ती जुन्या फोनांवरून काढा म्हणून आता आम्ही दोघं भांडतोय. मॅनेजर म्हणतात, दिलेलं काढून घेतलं की बोभाटा होतो, पुढच्या खेपेला बघू.

भाऊजींचा फोन सकाळपासून लागत नाही. शेडमध्ये लावला, मुकादमाने उचलला. तुला बोलवायला सांगितलं, तर म्हणाला काम चालू आहे, बाया उठू शकत नाहीत. त्याला सगळं समजावलं. ताईंना निरोप देतो आणि दारावर आजच माणूस बसवतो, असा शब्द दिलाय त्याने. तरी जीव थाऱ्यावर नाही, म्हणून हे पत्र कुरियरने. शनिवारी मी नवा फोन घेऊन येतोच आहे. तोवर तू स्टुलावर जाऊन बस. मालक ओरडले तर ओरडू देत.

लोभ असू दे. राग आला तर तोही येऊ दे.

तुझा
बारक्या


ता. ५ नोव्हेंबर

बारक्यास आशीर्वाद.

मी पत्र लिहिणाऱ्यातला नाही, तुला माहीत आहे. तू इथे होतास तेव्हा घरात माणसांची गर्दी होती. म्हणून लिहितो.

त्या सकाळी माझी पाठ पार आखडली. उठता येईना. तिने माझं जाड जाकीट चढवलं, फोन खिशात टाकला, म्हणाली, पडून राहा, मी आटोपून येते. दारावर कुणी बसवलंच नव्हतं. मुकादम म्हणतो, निरोप सांगायचा राहून गेला. आतून दार उघडायचा दांडा बर्फाने गच्च झाला होता, ते तू पाहिलंसच. शेडमधल्या बायांना वाटलं ती घरी गेली. मला वाटलं जादा काम लागलं असेल. फोन आहे ना, असं सगळ्यांनाच वाटत होतं. दारावर ठोकल्याचं कुणी ऐकलं नाही, कारण ऐकायला तिथे कुणी नव्हतं.

तुझं कुरियर दुपारीच आलं होतं. तिच्या नावाचं, म्हणून मी फोडलं नाही. उशीखाली ठेवलं. ती आली की वाचून दाखवेल म्हणून वाट बघत पडलो. हे तुला सांगितलं नव्हतं. सगळं स्वतःवर ओढून घेऊ नकोस, त्यातलं एवढं माझं आहे. तू आमच्यासाठी भांडलास, ते ती सगळ्यांना सांगत होती.

फोन पोलिसांनी परत दिला. चार्जिंगला लावला तर सुरू झाला, हिरवी खूणही आहे. कपाटावर पडून असतो. पडून राहिला की थोड्या वेळाने विचारतो, तुम्ही ठीक आहात का? खाली हो आणि नाही. परवा मी नुसता बघत बसलो, काहीच दाबलं नाही. तिकडे शेडमध्ये फोन वाजला आणि सगळ्या बाया हातातलं टाकून त्या दाराकडे धावत सुटल्या. दार उघडून आत पाहिलं त्यांनी. मग तिथेच खाली बसून रडल्या.

त्यांना पुन्हा तसं पळायला लागू नये, म्हणून आता तो विचारेल तेव्हा मी ‘हो’ दाबतो.

तुझे
भाऊजी