दुसरी ओळ

प्रिय गोट्या,

तुझं पत्र आठ दिवस उशीखाली ठेवलंय. उत्तर लिहायला बसलो की आधी आपल्या वसाहतीच्या कोपऱ्यावरची दुकानंच डोळ्यांपुढे उभी राहतात. सकाळी सकाळी बेकरीतून येणारा गरम पावाचा वास, "परवा नक्की!" म्हणत माझी शाळेची चड्डी दोन महिने खुंटीवर लटकवणारा शिंपी, तुझ्या वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान, आणि शेवटी वहिनींच्या वडिलांचं वह्या-पेनांचं. वहिनी! साठ वर्षं झाली, तरी हा शब्द लिहिताना माझं पेन अडतं.

त्या दुकानात पेन चालवून बघायला दोरीनं बांधलेली एक वही असायची. कुणी तिच्यावर सही करायचं, कुणी नुसती वेटोळी काढायचं. एके दिवशी तिथे नेटक्या अक्षरात पाठ्यपुस्तकातल्या कवितेची पहिली ओळ दिसली. मी पेन बघायचं निमित्त करून खाली दुसरी लिहिली. दुसऱ्या दिवशी नवी ओळ हजर! ती दुपारी दुकानात बसायची, मी सकाळी शाळेत जाताना डोकावायचो. तिच्या वडिलांच्या तोंडासमोर सदा वर्तमानपत्र, त्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता. वर्षभर आमचं असं चाललं, एक अक्षर न बोलता. दुपारी जायची माझी छाती झाली नाही.

गेलास तू. खोडरबर आणायला. तिनं विचारलं, "दुसरी ओळ कोण लिहितं रे?" आणि तू बेधडक म्हणालास, "मीच की!" तुला कवितेतलं ओ की ठो कळत नव्हतं. संध्याकाळी मला टाळी देत सांगितलंस, "कविराज, तिची गंमत केली!" मीही हसलो. त्यानंतर वहीला हात लावला नाही. पकडला गेला म्हणून गोट्या लाजला बिचारा, असं तिला वाटलं असणार. पुढे तिनं कवितेचं काढलं की तू "सगळं विसरलो गं" म्हणत राहिलास आणि ती मानत राहिली. तुझ्या लग्नात माझ्याइतकं कोणी राबलं नाही, आणि माझ्याइतकं कोणी जळलंही नाही. लोक नेमानं फिरायला जातात, तसा मी नेमानं तुझा हेवा केला. तुझ्या त्या राखाडी स्वेटरचासुद्धा, कारण तो तिनं विणला होता.

आता तू लिहितोस, ती तुला ओळखत नाही, मुलांनाही नाही. चहा झाला की दाराकडे बघत कवितेची एक ओळ म्हणते, थांबते, आणि पुढची कोणी म्हटली नाही की रडते. "काय करू रे?" असं विचारलंस. खोटं कशाला बोलू, आठ दिवस मला आनंद होत होता. उशिरा का होईना, ती माझी वाट बघते आहे! काल मात्र ते रडणं डोळ्यांपुढे आलं आणि माझी मलाच लाज वाटली. सोबत एक वही पाठवतोय. डावीकडे तिच्या ओळी, उजवीकडे माझ्या. तुझे डोळे माहीत आहेत, म्हणून अक्षर मोठं काढलंय. तिनं पहिली म्हटली की शोधून दुसरी वाच, सावकाश वाच. आणि तिनं पुन्हा कधी विचारलं, दुसरी ओळ कोण लिहितं, तर तेव्हा सांगितलंस तेच सांग.

तुझाच,
कविराज