निव्वळ ठोके

सोमवार, ३ तारीख. सकाळी ६.
ताप उतरून चार दिवस झाले. रविवारी एकवीस किलोमीटरची शर्यत. धावणारच! तो साडू धावणार आणि मी घरात गोळ्या गिळत बसू? बारा वर्षं बायकोच्या माहेरी सांगत फिरतोय, दादांना, म्हणजे मला, जिना चढवत नाही म्हणून. टोणगा.
डॉक्टर म्हणे, व्हायरलनंतर हृदयावर ताण येतो. रोज उठल्याउठल्या नाडी मोजा, पंच्याहत्तरच्या वर गेली तर धावायचं नाव काढू नका. स्वतः पहिल्या मजल्यावर लिफ्टने जातो!

मंगळवार, ४.
नाडी ९६. पण मोजताना साडू आठवला नि डोकं तापलं. मी वजनमापं तपासणारा निरीक्षक. डब्यासकट वजन आम्ही धरत नाही, आधी डबा वजा. साडूचे वीस वजा. घड्याळ मागे पडतं, त्याचा एक. निव्वळ ७५. पास.

बुधवार, ५.
१०२. साडू वीस. साहेब आठ (रजेचा अर्ज वाचून फिदीफिदी हसला). वरच्या मजल्यावर खुर्च्या ओढणारी बाई पाच. निव्वळ ६९. तब्येत झपाट्याने सुधारतेय.
संध्याकाळी सराव. दुसऱ्या कोपऱ्यावर बुटाची लेस बांधायला बसलो. अकरा मिनिटं लागली. हल्ली लेस भिकार मिळतात.

शुक्रवार, ७.
मी झोपेत असताना बायकोने नाडी मोजली. ९८. म्हणाली, झोपेत कुणाचा राग येतो हो तुम्हाला? म्हटलं, त्या साडूचाच, स्वप्नातसुद्धा पिच्छा सोडत नाही. तिने अबोला धरला. उद्यापासून तिचेही सहा वजा.

रविवार, ९. पहाटे ५.
साडू गाडी घेऊन न्यायला येतोय. बायकोनेच बोलावलं असणार. आगाऊ कुठला!

सकाळी ८.
खाली उतरलो, तर छातीवर लावायचा नंबर घरीच. परत चढलो. पहिल्याच मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. साडूने पाठुंगळीला घेऊन वर आणलं. शर्यत सुटायची वेळ झाली, म्हटलं, जा बाबा. त्याने बूट काढले. म्हणाला, दादा, सहा महिने तुम्हाला हरवायला पळत होतो, आता एकटा कुणाला हरवू?
उशाशी बसून चमच्याने पाणी पाजत होता. बायको म्हणाली, मोजा आता. १०४. त्याचा राग आणायचा खूप प्रयत्न केला. येईना मेला. एकही ठोका वजा होईना. सगळे माझेच.
घाबरलो. बायकोला म्हटलं, डॉक्टरसाहेबांना फोन लाव.