माझ्या तिकिटावरची मॅच

बाबा,

मॅच दरवर्षी असते, असं तुम्ही मला म्हणाला होतात. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, कोट घालता घालता. ते साफ खोटं निघालं. आता ती बास्केटबॉलची मॅच होतच नाही. तुमचं कॉलेज एका लीगमध्ये गेलं, लाल जर्सीवाल्यांचं, म्हणजे आपल्या लालवाल्यांचं, दुसऱ्या, आणि दोघंही आता इतक्या लांब खेळायला जातात की पोरांची अर्धी झोप विमानात होते. टीव्हीवाल्यांनी जास्त पैसे दाखवले, कॉलेजांनी हात पुढे केला, झालं. तुमच्याही आधीपासून चालत आलेलं, इतक्या लोकांनी मन लावून जोपासलेलं वैर एका सहीनं मोडून टाकलं. आणि आता तीच मंडळी सूट घालून स्टुडिओत बसतात आणि 'काय ते सोनेरी दिवस' म्हणून उसासे टाकतात. ते ऐकून माझं डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसले. मराठीत लिहितेय, कारण मी इंग्रजीत भांडायला लागले की तुम्ही पेपर उघडायचात.

हे वेड तुम्हाला कसं लागलं ते मी इतक्यांदा ऐकलंय की मीच तिथे होते असं वाटतं. पुण्याहून अमेरिकेत मास्टर्सला आलात तेव्हा तुमच्याकडे धड कोट नव्हता, आणि कॉलेजच्या जिममध्ये विद्यार्थ्यांना मॅच फुकट होती. वर हीटिंग जोरात. ऊब घ्यायला म्हणून आत शिरलात आणि घसा बसवून बाहेर आलात. पुढे नोकरी लागली, वेस्ट विंडसरला घर झालं, लॅबमध्ये हाताखाली माणसं आली, पण त्या निळ्या जर्सीचा विषय निघाला की तुमच्यातला तो बिनकोटाचा विद्यार्थी उठून बसायचा. शत्रूही तुम्हाला घरचाच मिळाला. पार्सिपनीचे काका तुमचे जिवलग मित्र, पण शिकले लालवाल्यांकडे. त्यामुळे तुम्ही दोघं एकमेकांना संक्रांतीचा तिळगूळ संक्रांतीला देतच नसायचात. तो मॅचपर्यंत राखून ठेवायचा, आणि जो हरेल त्यानं जिंकलेल्याच्या घरी जाऊन, त्याच्या हातावर ठेवून, तोंड गोड करून यायचं. 'सणासुदीचा काय पोरखेळ लावलाय,' असं आई म्हणायची, पण हरलेले काका डबा घेऊन बर्फातून आले की हसू आवरायला तीच आत जायची.

इथल्या मराठी मंडळाच्या कमिटीवर तुम्ही इतकी वर्षं कशासाठी राहिलात हे लोकांना कधी कळलंच नाही. लोकांना वाटायचं, केवढी समाजसेवा. तुम्ही फक्त हॉल बुकिंगचं काम मागून घ्यायचात. संक्रांतीचं हळदीकुंकू कुठल्या शनिवारी ठेवायचं ते तुमच्या हातात, आणि तो शनिवार मॅचचा कधीच नसायचा. कुणी कुरकुर केली तर तुमचं उत्तर ठरलेलं होतं, 'अहो, रथसप्तमीपर्यंत चालतं. शास्त्रात बसतं.' दोन हजार दोन साली तर आमंत्रणं गेल्यावर मॅचची तारीख हलली. तेव्हा तुम्ही घरोघर फोन केलेत, हॉल ज्या शाळेत होता तिथला हीटिंगचा बॉयलर बिघडलाय अशी थाप ठोकून दिलीत आणि अख्खं हळदीकुंकू एक आठवडा पुढे ढकललंत. मी शेजारी उभी होते. फोन ठेवून तुम्ही मला डोळा मारलात. म्हणजे ते कसं करायचं हे तुम्हाला येत होतं, बाबा. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

आणि मला हा खेळ कुणी शिकवला? तुम्हीच. जेवणाच्या टेबलावर पाच वाट्या आपल्या, पाच लिंबं त्यांची. झोन डिफेन्समध्ये, म्हणजे माणूस न धरता आपापली जागा राखताना, कोण कुठे सरकतं, कोपऱ्यातला माणूस का मोकळा राहतो, हे तुम्ही रिकाम्या वाट्या सरकवून दाखवताय आणि आई पातेलं हातात घेऊन उभी आहे. 'आधी आमटी वाढू दे, मग काय तो डिफेन्स करा.' मी दहावीत येईपर्यंत कोच पुढचा बदल काय करणार हे तुमच्याआधी सांगायला लागले होते, आणि तुम्ही खूश होऊन माझ्या पाठीत धपाटा घालायचात. मात्र काका आणि बाकीची मंडळी आली, सोफा भरला, की तुमचा सूर बदलायचा. 'अगं, चहाचं बघ जरा.' मी चहाचं बघायचे. कप भरताना कान बाहेर असायचे. गलका ऐकून सांगायचे, बास्केट पडली की फाउल झाला. पुढे मी इंजिनियर झाले, माझी स्वतःची नोकरी, माझी गाडी, तरी मॅचच्या दिवशी चहाचं मीच बघत होते. टीव्हीवरचे ते सोनेरी दिवस. कुणाचे सोनेरी?

पण ते दिवस चांगले होते हेही तितकंच खरं, आणि म्हणूनच राग येतो. तेव्हाची पोरं तीन-तीन, चार-चार वर्षं एकाच कॉलेजात राहायची. पहिल्या वर्षी फ्री थ्रो टाकताना हात थरथरणारा पोरगा चौथ्या वर्षी कॅप्टन झालेला आपण बघायचो. त्यांच्या आया कुठल्या रांगेत बसतात हे आपल्याला माहीत असायचं. आपला तो चेंडू खेळवणारा डावखुरा गार्ड आठवतो? तुम्ही त्याला 'आपला बंड्या' म्हणायचात. आता पोरं एका वर्षात कॉलेज बदलतात. त्यांचा त्यात काय दोष? मोठेच असे वागल्यावर ती कशाला थांबतील? पण मग प्रेम कुणावर करायचं, जर्सीच्या रंगावर?

आता त्या वर्षाकडे येते. दोन हजार पाच. माझं लग्न आदल्याच डिसेंबरात पुण्यात झालं होतं. आम्ही परत आलो आणि तुम्ही एक पाकीट माझ्यापुढे धरलंत. माजी विद्यार्थ्यांच्या सोडतीत तुम्हाला दोन तिकिटं लागली होती. लालवाल्यांविरुद्ध, त्या जुन्या एरिनात, जिथे छताचा पत्रा आवाजानं थरथरतो असं तुम्ही सांगायचात. 'एक तुझं,' म्हणालात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी ऑफिसात अर्धी सुट्टी टाकली, कारण मॅच बुधवारी होती. मंगळवारी रात्रीपासून बर्फ पडायला लागला तो थांबेचना, रस्ते बंद झाले, आणि मॅच शनिवारवर गेली. शनिवारी मंडळाचं हळदीकुंकू. माझी लग्नानंतरची पहिली संक्रांत.

मला खरंच वाटलं, तुम्ही फोन उचलाल. रथसप्तमीला अजून अवकाश होता. मी म्हटलंसुद्धा, 'बाबा, बॉयलर?' तुम्ही हसला नाहीत.

'अगं, सगळ्यांचं ठरलंय. लोक तुला बघायला येणार. आईनं हलव्याचे दागिने पुण्याहून मांडीवर ठेवून आणलेत.'

'मग पुढच्या शनिवारी घालते की. शास्त्रात बसतं ना?'

'हट्ट करू नकोस. मॅच काय, दरवर्षी असते. पहिली संक्रांत एकदाच येते.'

'यू डिड इट फॉर युअरसेल्फ,' असं मी म्हणाले. इंग्रजीत. तुम्ही कोटाची बटणं लावायला लागलात. आणि मग तुम्ही जे केलंत ते मला आजही गिळवत नाही. माझं तिकीट तुम्ही तुमच्या जावयाला दिलंत. नागपूरचा मुलगा, क्रिकेटशिवाय दुसरा खेळ ठाऊक नाही, अमेरिकेत येऊन त्याला जेमतेम दोन वर्षं झालेली. तोही बिचारा संकोचला. 'बाबा, ती जाऊ दे ना, मला काहीच कळत नाही यातलं.' तुम्ही म्हणालात, 'चल रे, शिकवतो तुला.' गाडी ड्राइव्हवेमधून बाहेर पडली तेव्हा तुम्ही त्याला झोन डिफेन्स समजावत होतात. हाताच्या खुणांवरून मला खिडकीतून कळत होतं.

आणि त्या शनिवारी मी शाळेच्या कॅफेटेरियात खुर्चीवर बसले आहे. काळी चंद्रकळा, गळ्यात हलव्याचा हार, कपाळावर हलव्याची बिंदी, कमरेला हलव्याचाच पट्टा. हललं की दाणे पडतात, म्हणून हलायचं नाही. काकू आणि मावश्या येतायत, हळदकुंकू लावतायत, वाण म्हणून आणलेले प्लास्टिकचे डबे हातात देतायत. 'किती गोड दिसतेस गं.' 'जावई कुठे आहेत?' 'मॅचला गेलेत? अय्या, बाबांबरोबर? भाग्यवान आहेस हं.' मी भाग्यवानासारखी हसत होते. तिथे कुणालाही स्कोअर माहीत नव्हता. माझ्या मनात काय चाललंय ते आईला मात्र कळलं होतं. ती दोनदा आली, हार सारखा करायचं निमित्त करून माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली.

आणि मॅच कुठली निघावी? ती. बरोबरी होऊन दोनदा ओव्हरटाइम, आणि शेवटच्या क्षणाला आपल्या बंड्यानं कोपऱ्यातून डाव्या हातानं टाकलेला शॉट. लोक अजून जिच्याबद्दल बोलतात ती मॅच माझ्या नवऱ्यानं माझ्या तिकिटावर बघितली. घरी आल्यावर मी विचारलं, कशी झाली? तो बूट काढत म्हणाला, 'छान होती यार. पण पार्किंगमधून बाहेर पडायलाच तास गेला. आणि टाय झाल्यावर दोघांना पॉइंट्स वाटून का देत नाहीत गं?' त्याच्यावर मी रागावू शकले नाही. त्याच्यावर आजही रागावत नाही. दुसऱ्या दिवशी काका पार्सिपनीहून तिळगूळ घेऊन आले, पडलेल्या चेहऱ्यानं, आणि तुम्ही त्यांना ती मॅच पहिल्या मिनिटापासून ऐकवलीत. उठून, सोफ्यामागे जाऊन, बंड्या कुठून कसा वळला ते करून दाखवलंत. मी ट्रे धरून उभी. एकदा, बाबा, एकदा तुम्ही माझ्याकडे वळून म्हणाला असतात की तू असायला हवी होतीस, तर मी सगळं तिथल्या तिथे सोडून दिलं असतं. तुम्ही म्हणालात, 'काकांना अजून लाडू दे.'

पुढच्या हिवाळ्यात मला आठवा लागला होता, इतका लांबचा ड्राइव्ह डॉक्टरांनी नको म्हटलं. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तुमची बायपास. मग दोन हजार आठ, आणि तुम्ही गेलात. काही वर्षांनी एरिना पाडलं, मग लीग मोडल्या. काका आता पार्सिपनीचं घर विकून मुलाकडे शुगर लँडला गेलेत. फोनवर म्हणाले, 'आता कुणी हरतच नाही गं, तिळगूळ कुणाला देऊ?' मी त्यांच्याशी हसून बोलले, पण फोन ठेवल्यावर त्या कॉलेजांना, टीव्हीवाल्यांना आणि तुम्हालाही मनातल्या मनात खूप काही बोलले. 'दरवर्षी असते' हे तुम्ही कुणाच्या भरवशावर बोललात?

गेल्या रविवारी एका चॅनेलवर जुन्या मॅचेस दाखवत होते. मी भाजी निवडत बसले होते, आणि ती लागली. तीच. मी इतकी वर्षं ती मुद्दाम कधी शोधली नव्हती. रेकॉर्ड बटण दाबलं आणि पुढे सरकून बसले. तुमची नात, जिला तुम्ही दोन वर्षंही बघितलं नाहीत, सोफ्यावर फोन घेऊन लोळत होती. दुसऱ्या ओव्हरटाइमला कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला आणि ती ताडकन उठली. 'मॉम, दॅट्स डॅड! ओ माय गॉड, त्याला एवढे केस होते? अँड इज दॅट आजोबा?'

तुम्हीच होतात. निळा मफलर, तोंड वासलेलं, दोन्ही हात डोक्यावर. शेजारी तुमचा जावई, माझ्या जागेवर, मन लावून प्रेट्झेल खातोय. मुलगी जेवायला उठून गेल्यावर मी ते पुन्हा लावलं. मला एकच गोष्ट बघायची होती. तुमच्या चेहऱ्यावर कुठे तरी, क्षणभर तरी, मी नाही याची चुटपुट दिसते का. तुम्ही शेजारी बघता का, आणि बघितल्यावर चेहरा उतरतो का. शॉट पडल्यावर कॅमेरा पुन्हा तुमच्याच रांगेवरून जातो. तुम्ही जावयाला मिठी मारलीये, त्याचं प्रेट्झेल खाली पडलंय, आणि तुम्ही लहान मुलासारखे उड्या मारताय. चुटपुट कसली? मी तुमच्या लक्षातसुद्धा नव्हते. एवढा आनंद मी तुमच्या तोंडावर माझ्या लग्नातही बघितला नव्हता. मी रिमोट आपटला. माझ्या हक्काची वस्तू दुसऱ्याला द्यायची, आणि वर साधी रुखरुखही नाही?

हे पत्र कुठे जाणार नाहीये. तुमची आणि माझी भांडणं अशीच अर्धवट राहायची, हेही राहू दे. पण इतकं सगळं सुनावल्यावर एक गोष्ट लपवणं बरोबर दिसणार नाही, म्हणून सांगते. तुमचा चेहरा नीट तपासायचा म्हणून मी तिसऱ्यांदा लावलं. चारच सेकंद उरलेत, आपण एका पॉइंटनं मागे, बंड्या कोपऱ्याकडे सरकतोय, लालवाल्यांचा झोन आत ओढला गेलाय आणि तो मोकळा आहे, साफ मोकळा. मी उभी राहिले, ओरडले, शॉट पडला, निवडलेली भाजी सगळ्या गालिच्यावर सांडली. कॅमेरा तुमच्यावरून येऊन गेलासुद्धा. तुमच्याकडे बघायचं मी विसरले.