हरण्याचं उरलेलं अंग

वुडलँड्स, सिंगापूर
सोमवार, १ सप्टेंबर २००८

प्रिय सुचित्रा,

आई गणपतीला तुझ्याकडे येतायत, असं काल प्रबोधने तुला फोनवर सांगितलं. तू केवढी खूश झालीस ते मला इथे सोफ्यावर बसून ऐकू आलं. मी शेजारीच होते, पण फोन हातात घेतला नाही. घेतला असता तर रडूच फुटलं असतं, आणि मग तू हजार प्रश्न विचारले असतेस. गेले कित्येक महिने आमच्या घरात एकच वाद चाललाय, आईंनी इथे राहायचं की नाही. मी म्हणते राहू देत, तो म्हणतो जमणार नाही. आणि अगं, हे सगळं कशापायी, तर हॉलच्या भिंतीवर टांगलेल्या एका मुंडक्यापायी.

तुझ्या दादाला तू ओळखतेस. झुरळ मारायचं तरी मला हाक मारतो. दोन वर्षांपूर्वी बँकेच्या एका बड्या ग्राहकाने, पाम तेलवाले गृहस्थ आहेत, त्याला नामिबियाला शिकारीला नेलं. साहेब म्हणाले जा, हा गेला. तिथे याच्या हातात बंदूक दिली आणि याने एक कुडू मारला. कुडू म्हणजे हरणाच्या जातीतलं जनावर, पण अंगापिंडाने चांगलं बैलाएवढं, वर पीळ घातलेली ही लांबच लांब शिंगं. घरी आल्यावर आठवडाभर त्याला जेवण गेलं नाही. मी म्हटलं, चला, संपलं एकदाचं. कुठलं काय! त्या गृहस्थांनी परस्पर त्या जनावराचं डोकं खांद्यापर्यंत पेंढा भरायला देऊन टाकलं होतं, प्रबोधच्या नावाने. नको म्हणायची सोय नव्हती. मान त्यांनी दिलेला आणि बिलं आमची!

काय काय बिलं असतात म्हणून सांगू! पेंढा भरणाऱ्याचं, लाकडी पेटीचं, त्या लाकडात कीड येऊ नये म्हणून धुरी दिल्याचं, विम्याचं, जहाजाचं, इथल्या परवानगीचं, शिवाय एजंट होताच. आकडे लिहीत नाही, चक्कर येईल तुला. मारण्यापेक्षा आणणं महाग पडलं एवढंच सांगते. त्या वर्षी आम्ही पुण्याला आलो नाही ना, ते आमच्या अनुयाच्या परीक्षेमुळे नव्हतं बरं. शेवटी पेटी आली तर ती लिफ्टमध्ये मावेना. मग खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेतच उघडली. बिल्डिंगमधल्या सगळ्या आंट्या जमल्या, त्याच्या शेजारी उभ्या राहून फोटो काढून घेतले. मी शुद्ध शाकाहारी घरातली बाई म्हणून त्यांना माहीत. कुठे तोंड लपवू असं झालं मला.

आणून भागत नाही, ते नांदवावं लागतं. आपल्या फ्लॅटचं छत ते केवढं, शिंगं वर टेकायला लागली, म्हणून डोकं खाली, अगदी माणसाच्या उंचीवर लावावं लागलं. भिंतीला आतून लोखंडी पट्ट्या घातल्या. सोफा सरकवला. देवघर उचलून स्वयंपाकघरात नेलं, मिक्सरच्या शेजारी. इथल्या दमट हवेत कातड्याला बुरशी येते म्हणून हॉलचा एसी सारखा चालू, शिवाय हवेतलं पाणी ओढणारं यंत्र एका कोपऱ्यात घुरघुरत असतं. जानेवारीत आई आल्या त्या या थंडीत. बाहेर घामाच्या धारा, आणि घरात तुझी आई स्वेटर, मोजे आणि वर शाल पांघरून बसलेली. मी एसी बंद केला की प्रबोध लावायचा. त्याच्यावर ओरडायचे, तो ऐकून घ्यायचा आणि परत लावायचा.

आईंचं विसरणं तुला माहीत आहे, पण फोनवर कळतं त्याहून ते खूप पुढे गेलंय. कधी मला संजीवनी म्हणतात, म्हणजे आमची समोरची शेजारीण. अनुयाला तर रोज नव्याने विचारतात, कितवीत गं तू. पण त्या डोक्यासमोर पहिल्याच दिवशी थबकल्या, नाकपुड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, हरण्या! अगं, तुमच्या आजोळचा बैल. जामखेडच्या त्या हरण्याच्या पाठीवर बसून लहानपणी ओढ्यापर्यंत जायच्या, हे त्या आपल्याला कितीदा सांगायच्या, आठवतं ना? लग्न होऊन आले तेव्हा पोळ्याला मातीच्या बैलांची पूजा कशी मांडायची ते त्यांनीच मला शिकवलं, आणि शिकवताना हरण्याची आठवण काढून डोळे पुसले होते. तो आता त्यांना भेटला. रोज सकाळी त्याला पोळीचा तुकडा. तुकडा खाली पडायचा, मी गुपचूप उचलायचे. अनुया एकदा म्हणाली, आजी, इट्स डेड ला. आईंनी तिला असं काही झापलं की पोरगी त्या दिवसापासून स्वतःच पोळी आणून देते.

मला खरं सांगायचं तर बरं वाटायचं. दिवसभर माणूस कुणाशी तरी बोलतंय. पण आईंनी मग शोधायला सुरुवात केली. हरण्या इथवर दिसतो, बाकीचा भिंतीपलीकडे असणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. भिंतीपलीकडे आमची बेडरूम. जेवण झालं की आई तिकडे जायच्या, भिंत चाचपायच्या, कपाट उघडायच्या, प्रबोधचे शर्ट बाजूला करून बघायच्या. त्याची पाठ खाजवायची आहे म्हणायच्या. हात फिरवला नाही तर तो चिडतो म्हणे. प्रबोधला हे बघवत नव्हतं. तेव्हापासून त्याने लावून धरलं, आईला पुण्याला पाठवू या. मी म्हटलं, मुंडकं पाठव. तर म्हणाला, नोकरी पाठवू का बरोबर? ह्या वर्षी बँकांचं काही खरं नाही, ते गृहस्थ आहेत म्हणून त्याची खुर्ची आहे. ते पुढच्या आठवड्यात जेवायला येणार आहेत, आपली भेट कुठे लावलीय ते बघायला. मी इथे त्याच्या जिवावर आहे, आई माझ्या, आणि तो त्या गृहस्थांच्या.

आणि परवा पोळा होता. आईंना तिथी मात्र बरोब्बर कळते! पुरण हवं म्हणाल्या, म्हणून शुक्रवारी मी हरभऱ्याची डाळ आणि गूळ आणायला लिटिल इंडियात गेले. परत येते तर आई हरण्याच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळतायत. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदमळणी, दुसरं काय! कोपरापर्यंत हात पिवळे, तो गळ्यापासून खांद्यापर्यंत पिवळा, आणि त्याच्या कानात म्हणतायत, आज आवतण घे, उद्या जेवायला ये. इतकं प्रेमाने म्हणत होत्या की मी पिशव्या घेऊन दारातच उभी राहिले. थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं का, तूच सांग.

शनिवारी सकाळी मुंग्यांची रांग लागली होती. प्रबोध ओल्या फडक्याने पुसत बसला, तसतसे केस गोळा होऊन निघायला लागले. इथे हे काम करणारा कुणी मिळेना. परत तिकडे पाठवायचं म्हणजे पुन्हा पेटी, पुन्हा धुरी, पुन्हा सगळं. तो ओरडेल म्हणून मी तयारीत होते. पण आई पुरणपोळीचं ताट घेऊन आल्या, त्याच्याजवळ उभ्या राहिल्या आणि विचारलं, प्रबोध, बाकीचा कुठे आहे रे? आपल्या मुलाला त्यांनी कितीतरी दिवसांनी नावाने हाक मारली. तो फडकं हातात घेऊन खालीच बसला. बाकीचा कुठे आहे ते त्याला ठाऊक आहे. त्याने मला एकदाच सांगितलं होतं, तिथेच कापला, तिथेच शेकोटीवर भाजला, आणि याच्याही हातात एक ताटली दिली होती. संध्याकाळी त्याने विमानाचं तिकीट काढलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तिकीट एकाच बाजूचं आहे. परतीचं काढलेलं नाही आणि आईंच्या इथे राहण्याच्या पासची मुदत वाढवायची नाही असं त्याने ठरवलंय. हे तो तुला गणपती गेल्यावर सांगेल, कदाचित सांगणारही नाही. मी भांडले, रडले, काही उपयोग झाला नाही. संजीवनी उद्या मुंबईला चाललीय, तिच्याबरोबर आई येतील, हे पत्रही तिच्याकडेच देतेय. पण सुचित्रा, आणखी एक आहे. आई निघायला तयारच नव्हत्या. हरण्याला सोडून कुठे जाऊ, म्हणून त्याच्या गळ्याला मिठी मारून बसल्या होत्या. तेव्हा प्रबोध त्यांच्याजवळ गेला, त्यांचे पिवळे हात हातात घेतले आणि म्हणाला, आई, बाकीचा हरण्या सुचित्राकडे आहे. आईंचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू! तेव्हापासून पिशवी भरून बसल्यात. त्यात लुगडी दोनच आहेत. बाकी हळदीचा डबा, तुपाची बरणी आणि पाठ खाजवायला माझा कपडे घासायचा जुना ब्रश. उद्या तुझ्या घरात पाय ठेवल्या ठेवल्या त्या भिंतीमागे जाऊन बघतील, आणि मग तुला विचारतील. काय सांगायचं ते मला सुचत नाही गं. तुला काही सुचलं तर सांग त्यांना.

तुझीच,
शुभदा वहिनी