तिसरा बोर्ड

सोमवार, ३ फेब्रुवारी १९८६
अंधेरीच्या औषध कारखान्यातला, आमच्या कंपनीकडे दुरुस्तीला असलेला कॉम्प्युटर परत बंद पडला. आठवड्यात पाचव्यांदा! आठ वर्षांचं मशीन — मेसेज नाही, काही नाही, नुसता स्क्रीन गोठतो. ऑपरेटर प्रेमा रडकुंडीला आलेली. "हरेश्वर, सकाळपासूनचं टाइप केलेलं गेलं रे!"
तासभर व्होल्टेज बघितलं. ठीक. पंखे ठीक.

मंगळवार, ४
तिथले मॅनेजर कामतसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "दुसऱ्या पाळीत एकदाही पडत नाही. हिच्याच पाळीत कसं? मुद्दाम काहीतरी करते." कुठलंही बटण दाबून असं होत नाही, म्हणालो. पटलं नाही.

गुरुवार, ६
कामतांनी प्रेमाला घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत. पर्स उचलली, कोणाकडे न बघता गेली.
तिच्या जागी मी बसलो. सव्वाअकराला बंद! कामतांना दाखवलं. "तिनेच आधी बिघडवून ठेवलंय." झालं!

शुक्रवार, ७
सापडलं!
भिंतीपलीकडे गोळ्या पाडायचं मशीन आहे. ते चालू झालं की इथे टेबलावरचा चहा थरथरतो. आणि ते फक्त पहिल्या पाळीत चालतं.
कॅबिनेट उघडलं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एकेक बोर्ड हळूच ठोकला. पहिला, दुसरा — काही नाही. तिसरा — स्क्रीन गोठला. चालू केलं, ठोकला, परत गोठला. मेमरीचा बोर्ड. काढून भिंगाखाली धरला. एका चिपच्या पायाशी सोल्डरच्या जोडाला केसाएवढी चीर.
ही चिप गेल्या मार्चमध्ये बदलली होती. मीच.
नीट सोल्डर केलं. चाललं. कामतांना म्हणालो, "झालं दुरुस्त. रिपोर्ट सोमवारी देतो." कशामुळे ते बोललो नाही.

सोमवार, १०
साहेब कामात होते, म्हणून रिपोर्ट राहिला. — खोटं. पेपर वाचत बसले होते.

मंगळवार, ११
आमच्या ऑफिसातल्या चंद्रप्रकाशला सांगितलं. "वेडा झालास? जुनं मशीन, हादरे बसतात, एवढंच लिही. नोकरी जाईल, यार!"

गुरुवार, १३
कारखान्याच्या गेटवर प्रेमाचे वडील उभे. संपानंतर गिरणी सुटलेला माणूस. प्लास्टिकच्या पिशवीत तिची सर्टिफिकेटं. मलाच साहेब समजले. "साहेबांनू, माझा चेडू, प्रेमा, असा करूचा नाय."
तसाच त्यांना घेऊन कामतांच्या केबिनमध्ये गेलो. सोल्डर माझं, चूक माझी — सगळं सांगितलं. कधी सापडलं, तेवढं सोडून.
कामत मला म्हणाले, "तुमच्या कंपनीला कळवावं लागेल." आणि वडिलांना — "तिला सोमवारी पाठवा."
म्हाताऱ्याने माझेच हात धरले. आभार मानत होता!

सोमवार, १७
प्रेमा कामावर आली. म्हणाली, "बाबा सांगत होते, तुला कळलं तसं लगेच येऊन सांगितलंस."
"हो," म्हणालो.