मांडीवरचं बाळ

माझ्या अबोलीस,

मी बरा आहे. खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर मिळतं, असं आईला सांग. खोकला आहे, पण तो लाकडाच्या भुशाचा. तिचे गुडघे कसे आहेत?

छापखान्यात एका कवितांच्या पुस्तकासाठी जन्मापासून म्हातारपणापर्यंतची सात चित्रं लाकडात कोरतोय. म्हातारा अगदी बाबांसारखा उतरला. सहा झाली. आईच्या मांडीवरचं बाळ तेवढं मी मागे ढकलत राहिलो.

शेवटी काल मालकांनी दिलेल्या नमुन्यावरून तेही कोरलं. छापून पाहिलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र दिसलं, की आई हुबेहूब तू आहेस आणि तुझ्या मांडीवर कुणाचं तरी भलतंच बाळ आहे. मी रंधा मारून ठोकळा कोरा केला.

मालक चिडले. म्हणाले, "अरे, बाळं सगळी सारखीच दिसतात."

त्यांना काय सांगणार, की मी निघालो तेव्हा तुला सातवा महिना होता, आणि आपलं बाळ अकराव्या दिवशी गेलं?

तू तेव्हा एवढंच कळवलंस की मुलगा होता. तुला त्रास नको म्हणून मीही विचारलं नाही. आता विचारतो. तो कसा दिसायचा? कपाळ कुणासारखं होतं? जावळ दाट होतं का?

मालकांनी आठ दिवस दिलेत. तुझं उत्तर यायला महिना लागेल, ते मला कळतं. तरी लिही.

तुझाच